कूलोमचा नियम: आलेखाचा उतार २ ऐवजी १.८ का येतो?

उतारवाचक (धागाकर्ता)

कूलोमचा नियम पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. बल दोन प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, स्थिरांक सुमारे ९ अब्ज न्यूटन-मीटर वर्ग प्रति कूलोम वर्ग. मोजायला बसलं की मात्र हा वर्ग पूर्ण वर्ग म्हणून काही हाती लागत नाही.

मांडणी अशी: टेबल टेनिसचे दोन चेंडू, व्यास ४० मिमी, दोन्हींवर ग्राफाइटचा लेप. एक चेंडू २५ सेंमी उंच अ‍ॅक्रिलिकच्या कांडीवर बसवून डिजिटल वजनकाट्यावर. दुसरा त्याच्या बरोबर वर, स्टँडला आडव्या लावलेल्या कांडीच्या टोकाला. दोन्हींवर सारखाच प्रभार, अंदाजे ३० नॅनोकूलोम. काटा ०.०१ ग्रॅमचा. वरचा चेंडू २० सेंमीवरून खाली आणत दर मिनिटाला एक वाचन. अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत.

२० सेंमी: ०.०२ ग्रॅम
१४ सेंमी: ०.०४
१० सेंमी: ०.०८
८ सेंमी: ०.११
६ सेंमी: ०.१७

लॉग-लॉग आलेखात पहिल्या आणि शेवटच्या बिंदूमधला उतार, म्हणजेच अंतराचा घात, १.७८. नियमाने तो २ हवा. दोन प्रश्न आहेत. हा कमी उतार कुठून येतो? आणि प्रभारावरचं अवलंबन, म्हणजे प्रभार निम्मा तर बल निम्मं, हे याच मांडणीत कसं दाखवावं?

---

तिरकस

निसर्गाने वर्गाला दहा टक्के सूट दिली असेल.

---

दशांश

सगळ्या बिंदूंमधून एकच रेघ ओढू नका, तुकडे पाडा. १० ते २० सेंमीमध्ये ०.०८ भागिले ०.०२ म्हणजे ४, उतार बरोबर २. पण ६ ते १० सेंमीमध्ये उतार १.४८ च येतो. म्हणजे लांबचे बिंदू शहाण्यासारखे वागतायत, गडबड जवळच्यांत आहे. (अर्थात ०.०२ हे वाचन ०.०१५ पासून ०.०२५ पर्यंत काहीही असू शकतं, तेव्हा लांबच्या बिंदूंच्या शहाणपणावरही फार विसंबू नका.)

---

काचकांडी

दशांश यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. जवळ काय होतं ते सांगतो.

नियम बिंदुप्रभारांसाठी आहे. प्रभार गोलावर सारखा पसरलेला असेल तर तो केंद्रात एकवटला आहे असं धरून चालतं, पण तुमचे चेंडू वाहक आहेत. सजातीय प्रभार समोर आला की त्यांच्यावरचा प्रभार एकमेकांपासून दूरच्या बाजूला सरकतो. प्रभारांमधलं खरं अंतर केंद्रांमधल्या अंतरापेक्षा वाढतं आणि बल कमी भरतं. दोन्ही गोल सारखे आणि प्रभारही सारखे असतील तर पहिल्या पायरीची दुरुस्ती सोपी आहे: त्रिज्येचा घन भागिले अंतराचा घन, गुणिले ४, आणि हे उत्तर १ मधून वजा.

त्रिज्या २ सेंमी. १० सेंमीवर हा आकडा ०.०३२, म्हणजे ३ टक्के तूट. ८ वर ६ टक्के. ६ वर थेट १५ टक्के. २० वर अर्धा टक्का, तो सोडून द्या. ५ सेंमीच्या आत हे सूत्रही पुरत नाही, पुढची पदं घ्यावी लागतात. म्हणून अंतर त्रिज्येच्या तिपटीखाली नेऊच नये, पाचपटीच्या वर राहिलात तर उत्तम.

प्रभार विजातीय असतील तर उलट: प्रभार समोरासमोर सरकतात, आकर्षण जास्त भरतं आणि उतार २ च्या वर जातो.

---

उतारवाचक

@काचकांडी, ही दुरुस्ती लावली. ०.१७ चे ०.२०० झाले, ०.०८ चे ०.०८३. त्या तुकड्याचा उतार १.४८ वरून १.७३. सुधारला, पण २ अजून लांब आहे.

---

शून्यमापक

उरलेलं गळतीत गेलं. तुम्ही लांबून जवळ आलात, दर मिनिटाला एक वाचन घेत. म्हणजे सगळ्यात जवळचं वाचन सगळ्यात शेवटी, प्रभार सगळ्यात कमी असताना. लांबून जवळ आलं की उतार कमी दिसतो, जवळून लांब गेलं की जास्त. वाचनांचा क्रम उलटा करून पाहा, उतार बदलला तर गळती आहे.

शिवाय गळती दोन्ही चेंडूंची. प्रत्येकाचा प्रभार मिनिटाला दीड टक्का घटत असेल तर बल ३ टक्क्यांनी घटतं, कारण बल गुणाकारावर अवलंबून. तुमच्या १० आणि ६ सेंमीच्या वाचनांत दोन मिनिटांचं अंतर, म्हणजे ६ टक्के. ०.२०० चे ०.२१२ करा, उतार १.८५.

आता काट्याची बारीक पायरी बघा. ०.०८ दाखवतो तेव्हा आत ०.०७५ ते ०.०८५ काहीही असू शकतं. ०.०७५ धरून तीच दुरुस्ती केली की उतार १.९७ निघतो. तुमच्या वाचनांत नियमाविरुद्ध काही नाही. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर याहून जास्त बोलता येत नाही, इतकंच. ०.००१ ग्रॅमचा काटा घ्या आणि वाऱ्यापासून वाचवायला भोवती पारदर्शक पेटी ठेवा. पेटी प्लास्टिकची असेल तर आधी पुसून घेऊ नका, घासलं की तिच्यावरच प्रभार बसतो.

---

रेशीमदोरा

गळतीच्या आकड्यांत थोडी भर. २ सेंमी त्रिज्येच्या गोलाची धारकता सुमारे २.२ पिकोफॅरड. प्रभार मिनिटाला दीड टक्का घटतो म्हणजे काळांक (प्रभार सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) साधारण ४००० सेकंद, आणि त्यासाठी कांडीचा रोध १८ लाख गिगाओहमच्या आसपास लागतो. कुठलाही मल्टिमीटर हे दाखवणार नाही, तो कधीच 'ओपन' म्हणून मोकळा होतो. म्हणून "मीटरवर तपासलं, कांडी विसंवाहक आहे" या वाक्याला इथे काडीचा अर्थ नाही. बोटाचा एक ठसा पुरतो.

करायचं ते असं: कांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, नंतर मधल्या भागाला हात लावू नका. धरायचं ते टोकाला. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर हेअर ड्रायरने कांडी कोमट करून घ्या, गरम करून वाकवू नका. अ‍ॅक्रिलिकपेक्षा टेफ्लॉन बरं, त्याच्या पृष्ठभागावर ओलावा टिकत नाही.

गंमत म्हणजे लेपाच्या बाबतीत नेमकं उलटं. चेंडूवरच्या ग्राफाइटचा रोध कमीच हवा म्हणून लोक तीन-तीन हात देतात. दोन समोरासमोरच्या बिंदूंत १० मेगाओहम भरले तरी प्रभार २२ मायक्रोसेकंदांत पसरतो. एक पातळ, अखंड हात पुरे. फक्त सुटलेली जागा राहू देऊ नका.

---

तिरकस

म्हणजे चेंडूला १० मेगाओहम चालतात आणि कांडीला १८ लाख गिगाओहम कमी पडतात. दोघांना एकाच दुकानातून आणलं नव्हतं ना?

---

बिनतारी

काट्याच्या पॅनचा विचार कुणीच केला नाही. पॅन धातूचं असेल तर खालचा चेंडू त्यात विजातीय प्रभार प्रवर्तित करतो आणि त्याकडे ओढला जातो. हे ओढणं वाचनात मिसळत असणार.

---

शून्यमापक

@बिनतारी, खालचा चेंडू आणि पॅन दोन्ही काट्यावरच आहेत. त्यांनी एकमेकांना कितीही ओढलं तरी ते अंतर्गत बल, काट्याला ते कळतच नाही. प्रश्न वरच्या चेंडूचा आहे. तो पॅनवरच्या प्रवर्तित प्रभाराला वर ओढतो आणि वाचन कमी करतो.

किती, ते प्रतिमाप्रभार धरून, म्हणजे पत्र्याऐवजी त्याच्यापलीकडे आरशातल्यासारखे विजातीय प्रभार आहेत असं मानून, काढता येतं. समजा खाली अर्थ केलेला अमर्याद पत्रा आहे. खालचा चेंडू पत्र्यापासून २५ सेंमी, वरचा ३५. थेट बलाला १०० धरलं तर प्रतिमा त्यातले सुमारे ५ खातात. अंतर २० सेंमी केलं की वरचा चेंडू ४५ वर जातो आणि तूट १३ टक्के होते. खरं पॅन १२-१५ सेंमीचं असतं, तेव्हा यातला थोडाच भाग लागू पडेल. पण दिशा लक्षात घ्या: ही तूट लांबच्या वाचनांत जास्त, म्हणजे उतार *वाढवणारी*. गळती उतार कमी करते, पॅन वाढवतं. नशिबाने दोन्ही सारखे निघाले तर उतार झक्क २ येतो आणि प्रयोग चुकीचा असूनही शाबासकी मिळते.

कांडी २५ सेंमी ठेवलीत ते चांगलं केलंत. ८-१० सेंमीची कांडी वापरली तर हा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. आडवा हात धातूचा असेल तर तो बदला, वरच्या चेंडूजवळ धातू नकोच.

---

पिळाची_तार

ज्याच्या नावाचा नियम आहे त्याची वाचनं बघा म्हणजे धीर येईल. १७८५ मध्ये कूलोमने पिळाच्या तुलेवर (तारेला किती पीळ बसतो त्यावरून बल मोजायचं उपकरण) तीन वाचनं दिली. गोलांमधलं अंतर ३६ अंश, तेव्हा तारेचा पीळ ३६ अंश. अंतर १८ अंश, तेव्हा पीळ १४४. अंतर साडेआठ अंश, तेव्हा पीळ ५७५.५. शेवटचं अंतर ९ असतं तर चौपटीचा हिशोब तंतोतंत बसला असता. साडेआठला वर्गाच्या नियमाने पीळ ६४६ हवा. पहिल्या आणि शेवटच्या वाचनातून उतार काढला तर १.९२ येतो.

आणि क्रम? लांबून जवळ. धागाकर्त्यांसारखाच.

---

दशांश

@पिळाची_तार, वा! पण कोनाऐवजी जीवा घ्यायला हवी आणि पीळ बलाच्या आघूर्णाचा (फिरवण्याच्या परिणामाचा) आहे, नुसत्या बलाचा नाही. दोन्ही दुरुस्त्या केल्या तरी १.९१ च येतो, तेव्हा तुमचा मुद्दा कायम.

---

बिनतारी

मग तीन वाचनांवर, त्यातलंही एक ११ टक्के चुकीचं, जगाने वर्ग कसा मान्य केला? घात १.९ नाही हे कुणी ठरवलं?

---

पिळाची_तार

बल मोजून नाहीच ठरवलं. बल शून्य येतं का ते बघून ठरवलं.

पोकळ वाहकाच्या आत प्रभारावर बल जाणवत नाही, यावरून प्रिस्टलीने १७६७ मध्येच अंदाज बांधला होता की गुरुत्वाकर्षणासारखाच इथेही वर्गाचा व्यस्त नियम असावा. कॅव्हेंडिशने १७७३ च्या सुमारास ते प्रयोगात उतरवलं. एक गोल, त्याभोवती त्याला न टेकणारे दोन अर्धगोल. बाहेरच्या कवचाला प्रभार द्यायचा, तो देताना आतला गोल तारेने कवचाला जोडलेला. मग तार काढायची, कवच उघडायचं आणि आतल्या गोलावर काही उरलंय का ते बघायचं. घात नेमका २ असेल तर आत काहीच जायला नको. २ पेक्षा थोडा कमी किंवा जास्त असेल तर काही प्रभार आत गेलाच पाहिजे. त्याला काही सापडलं नाही, आणि त्याच्या उपकरणाची संवेदनशीलता धरता घात २ पासून १/५० पेक्षा जास्त ढळत नाही असा निष्कर्ष त्याने काढला. छापलं मात्र नाही. मॅक्सवेलने १८७९ मध्ये ते कागद प्रसिद्ध केले आणि तोच प्रयोग सुधारून मर्यादा १/२१६०० वर आणली.

१९३६ मध्ये प्लिम्पटन आणि लॉटन यांनी ती सुमारे २ अब्जांशावर नेली. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांच्या प्रयोगात दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या १५ स्थळांत फरक सापडला नाही.

कारण साधं आहे. ०.०८ आणि ०.०७५ मधला फरक ओळखायला चांगला काटा लागतो. काहीतरी आहे की काहीच नाही, हे ओळखणं त्या मानाने फार सोपं.

---

काचकांडी

हे सगळं मान्य, पण म्हणून वर्गात शिकवताना काट्याचा प्रयोग सोडू नका. शून्य-प्रयोगातून घात कळतो, बल किती ते कळत नाही. स्थिरांकाचा अंदाज यायला मोजमापच हवं. मनात धरायला एक सोयीचं रूप: प्रभार नॅनोकूलोममध्ये, अंतर सेंमीमध्ये घेतलं तर बल मिलिग्रॅम-भारात ९.२ गुणिले प्रभारांचा गुणाकार भागिले अंतराचा वर्ग. ३० आणि ३० नॅनोकूलोम, १० सेंमी: ८३ मिलिग्रॅम. काट्याने काय दाखवायला हवं ते आधीच कळतं.

---

पिळाची_तार

स्थिरांक हवा असेल तर प्रभार वेगळा मोजायला लागेल, आणि "अंदाजे ३०" तिथे चालणार नाही. बल प्रभाराच्या वर्गावर आहे, प्रभारात १० टक्के चूक झाली की स्थिरांकात २० टक्के.

---

रेशीमदोरा

प्रभार मोजायची स्वस्त युक्ती: १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर, त्याच्या टोकांना मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या पट्टीवर. दुसरं टोक अर्थला. चेंडू पहिल्या टोकाला टेकवा. चेंडूची धारकता २.२ पिकोफॅरड, कपॅसिटरच्या मानाने नगण्य, म्हणून जवळजवळ सगळा प्रभार तिकडे जातो. ३० नॅनोकूलोमला ३० मिलिव्होल्ट. मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असेल तर काळांक १० सेकंद, म्हणजे पहिला आकडा दिसला की लगेच टिपा. ०.१ मायक्रोफॅरड घेतला तर व्होल्टेज दसपट, पण काळांक एकच सेकंद, वाचेपर्यंत उतरतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अजिबात नको, तो स्वतःच गळतो.

दरवेळी सारखाच प्रभार हवा असेल तर घासून देऊ नका. मर्यादित प्रवाहाच्या हाय व्होल्टेज पुरवठ्याने द्या. ६ किलोव्होल्टला हा चेंडू १३ नॅनोकूलोम घेतो, ३० साठी साडेतेरा किलोव्होल्ट लागतात. एक चेंडू भरताना दुसरा लांब ठेवा. दोन्ही १० सेंमीवर ठेवून एकदम भरले तर प्रत्येकावर १७ टक्के कमी प्रभार बसतो.

---

उतारवाचक

उताराचा उलगडा झाला, आभार. दुसरा प्रश्न राहिला: प्रभार निम्मा करणं.

---

काचकांडी

तसाच तिसरा चेंडू घ्या. तोच आकार, तोच लेप. आधी तो अर्थला टेकवून रिकामा करा. वरचा चेंडू स्टँडवरून काढून लांब न्या, *तिथे* तिसऱ्याला टेकवा, मग परत आणा. प्रभार निम्मा. पुन्हा केलं की पाव. १० सेंमीवर ८०, ४०, २० मिलिग्रॅम अशी वाचनं यायला हवीत.

नेहमी चुकतं ते एकाच ठिकाणी: खालच्या चेंडूच्या जवळच टेकवतात. खालचा प्रभार तिथे वाटणी बिघडवतो, जो चेंडू त्याच्यापासून लांब असेल त्याला जास्त मिळतं. मीटरभर तरी दूर जा. आणि लेप नसलेला नुसता प्लास्टिकचा चेंडू वापरला तर वाटणी होतच नाही, टेकलेल्या जागेपुरता प्रभार हलतो.

---

शून्यमापक

एक बारकावा. प्रभार असमान झाले की गोलांवरची ती सरकण्याची दुरुस्ती वाढते. १० सेंमीवर समान प्रभारांना ३ टक्के, एक निम्मा केला की ४, पाव केला की जवळजवळ ७. जास्त प्रभाराचा चेंडू कमी प्रभाराच्या चेंडूवर प्रवर्तन करतो, त्याचं ओढणं प्रतिकर्षणातून वजा होतं. फरक फार वाढवून चेंडू अगदी जवळ आणले तर प्रतिकर्षण संपून आकर्षणही दिसू शकतं. म्हणून हा भाग १५ सेंमीवर करा. पण मग बल निम्म्याहून खाली येतं, तेव्हा ०.००१ चा काटा हवाच.

---

तिरकस

सजातीय प्रभारांमध्ये आकर्षण? हे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

---

बिनतारी

कंगव्याकडे कागदाचे कपटे येतात ते पण हेच ना? कपट्यावर तर प्रभारच नसतो. मग तिथेही अंतराचा वर्गच?

---

शून्यमापक

नाही, तिथे वर्ग शोधू नका. लहान कपट्यावर प्रवर्तित झालेली द्विध्रुवता (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार) अंतराच्या वर्गाने घटते, आणि तिच्यावरचं बल क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्यावर, म्हणजे घनावर. बिंदुप्रभारासमोर एकूण पाचवा घात. अंतर दुप्पट केलं की बल ३२ पट कमी. म्हणून कपटे एका ठरावीक अंतरापर्यंत ढिम्म असतात आणि मग एकदम उडी मारतात.

---

रेशीमदोरा

काटा नसेल त्यांच्यासाठी लोलकाची पद्धत. एकाच बिंदूपासून १ मीटरच्या रेशमी दोऱ्यांनी लटकवलेले दोन लेप दिलेले थर्मोकोलचे मणी, प्रत्येकी ०.१ ग्रॅम. १०-१० नॅनोकूलोम दिले तर ते सुमारे १२ सेंमी दूर राहतात. इथे फसगत अशी की प्रभार निम्मा केला म्हणून अंतर निम्मं होत नाही. मणी जवळ आले की बल वाढतं, त्यामुळे अंतराचा *घन* प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात राहतो. एकाचा प्रभार निम्मा: १२.२ वरून ९.७ सेंमी. दोघांचा निम्मा: ७.७. आणि एकाचाच निम्मा केला तरी दोन्ही दोरे सारखेच कलतात. "कमी प्रभाराचा मणी जास्त ढकलला जातो" असं म्हणणारे हमखास भेटतात. वस्तुमान सारखं असेल तर दोघांचा कोन सारखाच, बल दोघांवर एकच आहे.

---

दशांश

@उतारवाचक, पुढची फेरी घेताना प्रत्येक वाचनानंतर चेंडू परत १० सेंमीवर आणून तिथलं वाचन घ्या आणि प्रत्येक वाचनाला त्याच्या आधीच्या-नंतरच्या १० सेंमीच्या सरासरीने भागा. गळती आपोआप कटते. वाचनं दुप्पट, पण दुरुस्तीचा हिशोब वाचतो.

---

उतारवाचक

हे करतो. ०.००१ चा काटाही मिळतोय, पण त्यावर अंतर लांब असताना आकडा दिसतो आणि हळूहळू शून्याकडे सरकतो. गळती इतकी जलद?

---

शून्यमापक

गळती नाही, काट्याची आपोआप शून्य धरायची सोय. टेअर दाबून ०.००० केलंत की त्याच्या आसपासचा सावकाश बदल तो स्वतःच पुसत जातो. टेअर दाबूच नका. चेंडू आणि कांडीचं पूर्ण वजन, समजा ५८.३२० ग्रॅम, तसंच दिसू द्या आणि वजाबाकी कागदावर करा. पुरेसं वजन पॅनवर दिसत असलं की ती सोय गप्प बसते. आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सेटिंग असेल तर ती आधी काढून टाका.